रोमन सम्राटांच्या चिमुकल्या मूर्ती: भक्ती की धाक?

दगडफूल
रोमन सम्राटांच्या लहान मूर्तींचा विषय निघाला की 'सरकारी प्रचार' म्हणून लोक मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. चौकातले भव्य पुतळे दरबाराच्या सोयीचे, कबूल. पण तळहातावर मावणारी मूर्ती? रोमन चरित्रकार सुएटोनियसला पहिला सम्राट ऑगस्टस याची लहानपणची एक छोटी ब्राँझमूर्ती मिळाली होती. तिच्यावर 'थुरिनस' हे त्याचं तेव्हाचं नाव लोखंडी अक्षरांत होतं, तेही झिजून पुसट झालेलं. ती त्याने आपल्या काळच्या सम्राटाला, हेड्रियनला, भेट दिली आणि हेड्रियनने शयनगृहात गृहदेवतांबरोबर पुजायला ठेवली. चार भिंतींच्या आत ठेवलेल्या मूर्तीने प्रचार कुणापुढे करायचा?

सातवाहन_७
सम्राटाच्या शयनगृहावरून सामान्यांचं मन कसं ओळखणार? हेड्रियनची गादीच ऑगस्टसच्या वारशावर उभी. त्यापेक्षा कवी ओव्हिड बघा. ऑगस्टसनेच त्याला इ.स. ८ मध्ये काळ्या समुद्राकाठी तोमिसला हद्दपार केलं. मित्राने ऑगस्टस, त्याचा वारस तिबेरियस आणि पत्नी लिव्हिया यांच्या चांदीच्या प्रतिमा पाठवल्या, तर हा त्यांच्यापुढे शिक्षा सौम्य करा म्हणून विनवण्या करतो. ही अगतिकता आहे हो.
आणि तत्त्वज्ञ सेनेकाने सांगितलेली हकिकत तर अंगावर येते. तिबेरियस सम्राट असताना त्याची प्रतिमा असलेली अंगठी घालून पाउलस नावाचा एकजण मेजवानीला गेला आणि दारूच्या नशेत त्याने लघवीचं भांडं उचललं. हा सम्राटाच्या प्रतिमेचा अपमान म्हणून पकडायला खबऱ्या टपलेलाच होता. गुलामाने हळूच अंगठी काढून स्वतःच्या बोटात घातली, म्हणून मालक वाचला.

काचकमळ
सातवाहन, धाक होताच. पण वक्तृत्वाचा गुरू फ्रोंटो आपल्या शिष्याला, पुढे सम्राट झालेल्या मार्कस ऑरेलियसला लिहितो की तुझ्या प्रतिमा सावकारांच्या पेढ्यांत, दुकानांत, पडव्यांत, खिडक्यांत जिकडेतिकडे आहेत आणि बहुतेक ओबडधोबड आहेत. दरबारातून आलेला माल असा नसतो. ऑगस्टसचं निळसर काचेचं डोकं जर्मनीतल्या कोलोनच्या संग्रहालयात आहे, उंची पाच सेंटीमीटरही नाही, पण कपाळावरच्या बटासुद्धा नीट. ते वरच्या वर्तुळातलं काम. पेढीवरची मूर्ती गल्लीतल्या कारागिराची.

सातवाहन_७
कारागीर गल्लीतला असेल, पण दुकानदार ती दर्शनी ठेवतो ती स्वतःच्या सुरक्षिततेसाठीच. त्यात प्रेम कुठून आलं?

दगडफूल
मग थुरिनसचं काय? ऑगस्टस इ.स. १४ मध्ये गेला. सुएटोनियसने मूर्ती भेट दिली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी. तोवर नीरोही होऊन गेला होता, डोमिशियनही. मेलेल्या सम्राटाच्या बालमूर्तीसाठी खबऱ्या दारात येत नाही. तरी ती कुणीतरी जपली, वितळवली नाही.

सातवाहन_७
जपली, मान्य. हेड्रियनच्या आधी कुणी पुजली होती का, एवढाच माझा प्रश्न आहे.