गेममधले छुपे धागे: शोधायचे कुठवर?

दादरकर:
रेमेडी या फिनिश स्टुडिओच्या गेममध्ये छुपे धागे, म्हणजे एका गेमचे दुसऱ्याशी असलेले लपवलेले संबंध, शोधायला मला मनापासून आवडतं, कारण पुरावा गेममध्येच सापडतो. 'ॲलन वेक २'मधला एजंट ॲलेक्स केसी बघा. चेहरा रेमेडीचाच लेखक सॅम लेकचा, आवाज अभिनेता जेम्स मॅकॅफ्रीचा. रेमेडीच्याच २००१च्या 'मॅक्स पेन'मध्ये नायक मॅक्सला हाच चेहरा आणि हाच आवाज होता. मॅक्सचे हक्क आता रॉकस्टार या दुसऱ्या कंपनीकडे, म्हणून नाव घेता येत नाही, पण जुने खेळाडू बरोबर ओळखतात.
२०२१मध्ये ब्लू बॉक्स या छोट्या डच स्टुडिओच्या 'ॲबन्डन्ड'चं मात्र भलतंच झालं. यामागे प्रसिद्ध जपानी गेमनिर्माता हिदेओ कोजिमाच लपलाय, असं लोकांनी ठरवून टाकलं. स्टुडिओने जाहीर नकार दिला, तर तो नकारच पुरावा ठरला! काहीही झालं तरी जो खोटा पडत नाही, त्याला तर्क कसं म्हणायचं?

गिरगावची_गेमर:
लोक उगाच संशय घेत नव्हते. कोजिमाने हे आधी दोनदा केलंय. २०१२मध्ये 'मोबी डिक स्टुडिओ' आला. त्याचा प्रमुख जोआकिम मोग्रेन चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळून मुलाखत देत होता. जोआकिमची रोमन अक्षरं फिरवली की कोजिमा! निघाला कोजिमाचा 'मेटल गिअर सॉलिड ५'. मग २०१४मध्ये '७७८०एस स्टुडिओ'च्या नावाने 'पी.टी.' हा छोटा भयपट-गेम फुकट आला आणि तो कोजिमाच्याच 'सायलेंट हिल्स'चा टीझर ठरला. शिवाय गेमचं नाव एसने सुरू होतं, एलने संपतं, हे ट्वीट खुद्द ब्लू बॉक्सचं; म्हणजे 'सायलेंट हिल'च, असं लोकांना वाटणारच. आगीत तेल कोणी ओतलं?

दादरकर:
ट्वीट चुकलंच, त्याबद्दल त्यांनी माफीही मागितली. तिथे तरी थांबायला हवं होतं. समोर खरी माणसं आहेत.

अंधेरी_थ्रीडी:
मी मॉडेलिंग करतो, म्हणून सांगतो. दोन गेममध्ये एकच दरवाजा दिसला की लगेच 'एकच विश्व' म्हणू नका. बऱ्याचदा तो एकाच ॲसेट स्टोअरवरून, म्हणजे तयार थ्रीडी वस्तूंच्या ऑनलाइन दुकानातून, विकत घेतलेला असतो. खरे छुपे धागे आउटसोर्सिंगचे. 'फोर्झा' या कार शर्यतीच्या गेमसाठी बंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने काम केलंय, ते कोण शोधतं? मी केलेली गंजलेली पाण्याची टाकी एका परदेशी गेममध्ये गच्चीवर उभी आहे. करारामुळे नाव सांगता येत नाही, क्रेडिट्समध्येही मी नाही. शोधायचंच असेल तर हे शोधा.

गिरगावची_गेमर:
क्रेडिट्स मी शेवटपर्यंत वाचते, आणि तुमचं नाव तिथे असायलाच हवं. पण 'पी.टी.' सोडवताना जगभरातले अनोळखी लोक रात्रभर एकमेकांना खुणा सांगत होते. ती मजा मी सोडणार नाही.