मदत हवी आहे: इंजिन गरम झालं की सेल्फ लागत नाही

नमस्कार मंडळी. वडिलांची 2006 ची डिझेल एसयूव्ही. पहाटे थंडीतही लगेच सुरू होते, पण साखरप्याहून आंबा घाट चढून वर चहाला थांबलो की चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज. हेडलाइट मंद होत नाहीत. इंजिन गार झालं की आपोआप सुरू!

बॅटरी नवी, बंद गाडीत 12.6 व्होल्ट, चालू असताना 14.2. टर्मिनल घासून घट्ट केलीत. इंजिनची अर्थिंगची पट्टी (करंट परत बॅटरीकडे नेणारी) मात्र हिरवी पडलीय, काही तारा तुटल्यात. गॅरेजवाले म्हणतात, अख्खा स्टार्टरच (सेल्फची मोटर) बदला. मला वाटतं, आधी पट्टी बदलून सोलेनॉइडचे (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) कॉन्टॅक्ट आणि स्टार्टरचे कार्बन ब्रश बघावेत.

सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांत किती व्होल्ट आले तर अर्थिंग खराब समजायचं? वडील एकटेच गाडी घेऊन जातात, घाटात अडकले तर फार काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.