ट्रेनिंग नसलेला गार्ड गेटवर उभा करायचा का?

मीटररूम (पुणे):
गेल्या महिन्यात रात्री दीडला आमच्या सोसायटीच्या मीटररूममधून धूर येऊ लागला. गार्ड धावला तो पाण्याची बादली घेऊन. आग विझवायचा लाल सिलिंडर शेजारीच भिंतीवर टांगलेला. सेकंड शिफ्टहून परतणाऱ्या एका मुलाने त्याचा हात धरला, नाहीतर चालू पॅनेलवर पाणी पडून तो जिवानिशी गेला असता. नंतर गार्ड म्हणाला, "साहेब, पिन ओढायची असते हे मला कुणी दाखवलंच नाही."

खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा 2005 चा. गार्डला ठरलेलं ट्रेनिंग पूर्ण झालेलंच हवं, असं तो सांगतो. केंद्राच्या नमुना नियमांत (राज्यांना आपले नियम करण्यासाठी दिलेला मसुदा) वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष 60 तास, तेही किमान 20 दिवसांत. आग विझवणं, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, सगळं त्यात आहे. आमच्या एजन्सीने या गार्डच्या ट्रेनिंगचं प्रमाणपत्र दिलं होतं. हजेरीपट काढून तारखा लावल्या, तर त्या 20 दिवसांतले 14 दिवस हा माणूस आमच्याच गेटवर ड्युटीला होता. माझं स्पष्ट मत आहे, ट्रेनिंग नसेल तर गार्ड घेऊच नये.

फील्डऑफिसर:
नऊ वर्षं एजन्सीत काढली, म्हणून बोलतो. खोटं प्रमाणपत्र चूकच. पण माणूस सकाळी गावाहून उतरतो आणि रात्री त्याला ड्युटी हवी असते. 20 दिवस बिनपगारी कोण बसेल? खोलीचं भाडं, खाणावळ कोण भरेल? तुमच्याच सोसायट्या तीन कोटेशन मागवतात आणि सगळ्यांत स्वस्त ते उचलतात. त्यात माणूस 12 तास उभा राहतो, वर रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा गार्ड, आला नाही की डबल ड्युटी मारतो. ट्रेनिंग सक्तीचं केलंत तर खर्च गार्डच्याच पगारातून कापला जाईल. मी ते कापताना पाहिलंय.

गेटवरचा मुलगा:
माझे वडील गार्ड आहेत, वय 57. नमुना नियमांत पुरुषांना 160 सेंटीमीटर उंची, 80 सेंटीमीटर छाती, सहा मिनिटांत एक किलोमीटर धाव. बाबांचे गुडघे गेलेत, ते धावणार नाहीत. पण कुठली गाडी कुणाची, कुठल्या आजी एकट्या राहतात, कुणाकडे कामाला कोण येतं, सगळं पाठ. दोन दिवस दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच दिसली म्हणून त्यांनीच एकदा दार ठोठावलं होतं, आजी आत पडलेल्या होत्या. टेप लावून त्यांना घरी बसवणार का? ट्रेनिंग द्या, ते आनंदाने घेतील. पण पात्रतेच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाची भाकरी काढू नका.

निवृत्त हवालदार (सातारा):
माजी सैनिकांना छोटा कोर्स असतो, 40 तास वर्गात आणि 16 तास प्रत्यक्ष. सुरुवातीला मलाही वाटलं, 17 वर्षं फौजेत काढली, मला काय शिकवणार? पहिल्याच आठवड्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत बाई आणि तान्हं बाळ. रायफल खोलून जोडता येत होती, पण तिथे काय करायचं ते कळेना. दार जबरदस्तीने उघडायचं नाही, हे नंतर त्या कोर्समध्ये शिकलो. त्यामुळे मीटररूम यांच्याशी सहमत. धावण्याच्या अटीबद्दल मात्र त्या मुलाचं म्हणणं मला पटतं.

मीटररूम:
फील्डऑफिसर, पगारकपातीचा मुद्दा मान्य. म्हणून 20 दिवसांचा पगार सेवा घेणाऱ्याने द्यावा. महाराष्ट्रात 1981 पासून सुरक्षा रक्षक मंडळाचा कायदा आहेच. तिथे मालक, म्हणजे रक्षक ठेवणारा, पगारावर लेव्ही (ठरावीक जादा रक्कम) भरतो आणि रक्षकाचा पगार मंडळामार्फत होतो. मग ट्रेनिंगचाही बोजा मालकाने का उचलू नये?

फील्डऑफिसर:
बोलायला ठीक. सभेत मेंटेनन्स पन्नास रुपयांनी वाढवतो म्हणा, मग बघा किती हात वर होतात. आणि तीन महिन्यांत तो गार्ड शेजारच्या मॉलमध्ये पाचशे जास्त मिळतात म्हणून गेला, तर तुमचे पैसे पाण्यात.

मीटररूम:
गेला तर शिकलेला गार्ड मॉलला मिळेल, तिथेही माणसंच असतात. आणि त्याने जाऊ नये म्हणून पाचशे आपणही वाढवू शकतो. रविवारी विशेष सभा लावली आहे. हजेरीपट आणि ते प्रमाणपत्र, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवणार आहे.