कापेलब्र्युके जळाला, पण दुसरा आहे ना!
१९९३च्या आगीत स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरातल्या कापेलब्र्युके या जुन्या छपराच्या लाकडी पुलावरची बहुतेक चित्रं गेली, मग ल्युसर्नला बघायचं काय, असं कुणीतरी विचारलंय. अहो, नदीच्या प्रवाहाबरोबर थोडं खाली चालत जा, श्प्रॉयरब्र्युके हा तसाच दुसरा पूल लागेल. छपराच्या कैच्यांमध्ये बसवलेल्या त्रिकोणी फळ्यांवर चित्रकार कास्पार मेगलिंगरच्या देखरेखीखाली १६२६ ते १६३५ या काळात ‘मृत्यूचा नाच’ ही चित्रमालिका रंगवली गेली. ६७पैकी ४५ चित्रं शाबूत आहेत. कितीही मोठा माणूस असो, न्यायला सांगाड्याच्या रूपात मृत्यू हजर! आणि बहुतेक फळ्यांवर खाली डावीकडे देणगीदाराचं कुलचिन्ह, उजवीकडे त्याच्या बायकोचं. मरणाच्या चित्रावरही आपलं नाव हवंच (आपल्याकडच्या देवळातल्या फरशा आठवल्या). मला तर कापेलब्र्युकेपेक्षा हाच पूल सरस वाटतो. फक्त सावकाश बघा, मान अवघडते.