'मिशनरी'ला मराठीत काय लिहायचं? सुवार्तिक, प्रेषित की धर्मप्रसारक?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. माझी मावसबहीण नर्स आहे, पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी मोझांबिकला चाललीये, तिथल्या एका चर्चसोबत राहून दवाखान्यात काम करणार आणि बायबल पण शिकवणार. तिच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनासभा ठेवलीये आणि मराठी पत्रिका लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. मामा म्हणतात सरळ 'मिशनरी' लिही, सगळ्यांना कळतं. ती म्हणते मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हॅटवाला गोरा साहेब येतो, मी ऐरोलीची पोरगी, मला कशाला तो शब्द. मग मी 'धर्मप्रसारक' लिहून बघितलं तर ते सरकारी कागदासारखं वाटायला लागलं. सुचवा प्लीज, छपाईला द्यायचंय.

चरईतला
धर्मप्रसारक नकोच. तो बाहेरून बघणाऱ्याचा शब्द आहे, पेपरवाले वापरतात, आतला माणूस स्वतःबद्दल असं कधी बोलत नाही. 'प्रचारक' तर त्याहून नको, निवडणूक आठवते.

नगरची_लेक
आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं, तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून, त्यामुळे मिशन हा शब्द आमच्या घरात परका कधी वाटलाच नाही, मिशन कंपाऊंड, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना असंच ऐकत मोठे झालो. पण माणसाला मिशनरी म्हणायचे ते परदेशातून आलेल्यालाच, आपल्यातला असला तर पाळकसाहेब नाहीतर प्रचारक नाहीतर सरळ नावानं. म्हणजे तुझ्या बहिणीला जे खटकतंय ते खरंच आहे, शब्दाला दिशा चिकटलीये, तिकडून इकडे येणारा तो मिशनरी, इकडून तिकडे जाणाऱ्याला आपण शब्दच ठेवला नाही. माझं मत 'सुवार्तिक'. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक असे वेगवेगळे सांगितलेत, त्यातला अगदी नेमका हाच. सुवार्ता सांगतो तो सुवार्तिक.

ऐरोलीकर
ताई, सुवार्तिक मला पण आवडला, पण ती तिथे जखमा पण बांधणार आहे ना, नुसतं सांगणार नाहीये. आणि बाईसाठी सुवार्तिका करायचं का?

नगरची_लेक
सुवार्तिका नको रे, ओढूनताणून वाटतं. डॉक्टर, शिक्षक जसं दोघांना चालतं तसं सुवार्तिक चालेल.

तलावपाळी
थोडं लांबण लावतो पण राहवत नाही. तीन शब्द एकमेकांशेजारी ठेवून बघा. ग्रीकमधला 'अपोस्तोलोस' म्हणजे पाठवलेला. लॅटिनमधला 'मिसिओ' म्हणजे पाठवणं, त्यातून मिशन आणि मिशनरी आले, सोळाव्या शतकात जेझुइट लोक (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) आपल्या माणसांना दूरदेशी धाडायचे त्याला मिशन म्हणायला लागले. आणि मराठी बायबलात अपोस्तोलोससाठी 'प्रेषित', त्याचाही अर्थ पाठवलेला. कॅथलिक लोक रविवारी मिस्साला जातात तो शब्दसुद्धा त्याच लॅटिन घरचा. म्हणजे या सगळ्याच्या पोटात जाणारा माणूस नाहीये, पाठवणारे आहेत. आपण म्हणतो अमुक मिशनरी 'आला', पण शब्द सांगतोय की त्याला कुणीतरी 'पाठवला'. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण प्रेषित पत्रिकेवर टाकू नका, तो बारा शिष्य आणि पौल यांच्यासाठी राखलेला आहे, आणि बाकी मराठीत प्रेषित म्हटलं की मुहम्मद पैगंबर, बायबलातल्या तशा माणसाला मात्र आपण संदेष्टा म्हणतो. गोंधळ होईल.

चरईतला
दादा भारी. ह्यात आपल्या ठाण्याचं सांगतो, बऱ्याच ठाणेकरांना माहीत नसतं. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातले कॅथलिक संन्यासी, इराणजवळच्या होर्मुझहून समुद्रमार्गे निघाले होते, त्यांच्यातल्या तोलेंतिनोच्या थॉमसला चीन गाठायचं होतं पण जहाज ठाण्याला लागलं आणि इथे काझीसमोर धर्मावरून वाद होऊन चौघंही मारले गेले. पुढे ओडोरिक नावाच्या त्याच पंथातल्या संन्याशानं त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. चौघांतला दिमित्री हा जॉर्जियाचा, त्याला भाषा चांगल्या येत म्हणून बाकीच्यांचं बोलणं तो समजावून द्यायचा. मी तलावपाळीवरून सेंट जॉन चर्चकडे जाताना दरवेळी ह्या दिमित्रीचा विचार करतो, परक्या गावात शब्द शोधत उभा राहिलेला माणूस. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज चालते, तर बहिणीला सांग ती नीट शिकून जा म्हणून.

ऐरोलीकर
शिकतेय! रोज एक तास. 'पाद्री' हा शब्द पोर्तुगीज निघाला बघून तिला एवढा आनंद झाला, म्हणाली तिथे उतरल्यावर एक तरी शब्द ओळखीचा भेटेल.

तलावपाळी
तिला अजून एक सांगा. फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून गोव्याला येताना १५४१-४२ मध्ये मोझांबिकलाच कित्येक महिने अडकले होते, आणि तो सगळा काळ त्यांनी तिथल्या इस्पितळात आजाऱ्यांची सेवा करण्यात घालवला. नर्सला हे माहीत असायला हवं.

नेरुळ_सेक्टर
मी ख्रिश्चन नाही, पण एक मुद्दा मांडू का? मराठीत 'मिशनरी वृत्तीनं काम करतो' हे आपण कौतुकानं म्हणतो, खेड्यात राहणाऱ्या डॉक्टरला, मास्तरांना. आणि त्याच शब्दाकडे दुसऱ्या वाक्यात संशयानं बघतो. माझ्या आजीची प्रसूती मिशनच्या दवाखान्यात झाली, तिच्या तोंडी मिशनरी म्हणजे रात्री कंदील घेऊन येणारी मडम, एवढंच. तेव्हा शब्द टाकून देऊ नका असं मनापासून वाटतं, पण ज्या मुलीला तो लावायचाय तिला नको असेल तर तिचं ऐका.

नगरची_लेक
खरंय. आणि दूरच्यांनी शब्द आपलासा करायचा म्हणाल तर फादर स्टीफन्स बघा, इंग्लंडचा माणूस १५७९ ला गोव्यात आला आणि ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हणाला. तेवढं धाडस आपणही आपल्याच भाषेत करायला काय हरकत आहे?

ऐरोलीकर
काल रात्री आजीला सगळं वाचून दाखवलं. तलावपाळी दादांचं 'पाठवणारे' वालं ऐकून ती म्हणाली, मग पाठवणी लिही की, पोरगी घरातून निघते तेव्हा आपण दुसरं काय म्हणतो. आई म्हणाली अगं ते लग्नातलं. आजी म्हणाली, असू दे, रडणार तर तेवढेच आहोत.

पत्रिका आज दिली छापायला. वर 'पाठवणीची प्रार्थनासभा', खाली तिचं नाव आणि 'परिचारिका व सुवार्तिक'. मामांनी पण मान्य केलं.