सगळे म्हणतात वहिनी किती शांत, आणि मी आतून पेटलेली

नंदुरबारची_थोरली
सर्वांना सलाम. पहिल्यांदाच लिहितेय. नाव सांगत नाही कारण आमच्या चर्चमधलं कोण कोण वाचतंय काय माहीत. मी नंदुरबारला असते, शाळेत नोकरी, घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून आंघोळ, डायपर, गोळ्या, भरवणं सगळं माझ्याकडे. मनापासून करते, म्हणजे मला तसं वाटायचं. दीर-जाऊ सुरतला. नाताळला येतात, तीन दिवस राहतात, आईला एक शाल देतात आणि उपासनेत दीर उभा राहून साक्ष देतो की आईची सेवा करायची संधी देवाने आम्हाला दिली. मी बायकांच्या बाजूला बसून आमेन म्हणते. हो, खरंच म्हणते!!

मी कधी ओरडत नाही. भांडी मात्र आपटतात. सुरतहून फोन आला की मुद्दाम उशिरा उचलते. जावेने भरीताचं विचारलं की 'काही विशेष नाही गं' म्हणते, आणि वांगी काट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काटक्यांच्या जाळावर, भाजलेली असतात हे सांगत नाही. इतकी खालच्या पातळीवर आलेय मी.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात सासूबाईंच्या हातून दूध सांडलं, मी एक शब्द बोलले नाही, हसून पुसलं, आणि मग चादर बदलताना त्यांना जरा जास्तच जोरात वळवलं. त्या 'आई गं' म्हणाल्या. ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत. नवऱ्याला सांगितलेलं नाही. रोज प्रार्थना करते की प्रभू माझा राग काढून टाक, तो जात नाही, अजून खोल जाऊन बसतो. काय करावं? प्लीज 'क्षमा करा' एवढंच लिहू नका, ते मला पाठ आहे.

साक्री_रोड
ताई सलाम. सेवा करताय त्याचं प्रतिफळ देव देईल, माणसाकडे बघू नका. बायबलमधलं इब्री १२:१५ वाचा, कडूपणाचं मूळ वाढू देऊ नका असं तिथे स्पष्ट आहे. पहाटे उठून प्रार्थना वाढवा, एखादा उपास धरा. सैतान अशाच चांगल्या घरात भांडणं लावतो.

तापीकाठ
साक्री रोडवाल्या दादांचा मान ठेवून सांगते, ज्या बाईला झोपायला पाच तास मिळत नाहीत तिला अजून पहाटे उठवू नका. वचन बरोबर आहे, पण मूळ उपटायचं तर आधी माती उकरावी लागते, आणि आपल्याकडे वरून नुसतं झाकायची सवय.

थोरली ताई, तुमचं नावच थोरली बघून मला लूक १५ आठवला. धाकटा मुलगा आपला वाटा उडवून परत येतो आणि बाप मेजवानी घालतो, ती उधळ्या पुत्राची गोष्ट म्हणून आपण धाकट्यावरच प्रवचन ऐकतो, थोरला शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात. पण तो बघा, शेतातून दमून येतोय, घरातून गाणंबजावणं ऐकू येतं, तो आत न जाता चाकराला विचारतो काय चाललंय म्हणून. मग रागावतो आणि दाराबाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, तेव्हा मात्र तो सगळं बापाच्या तोंडावर बोलतो, इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. आणि धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही, म्हणतो 'हा तुमचा मुलगा'. बाप उत्तर देताना हळूच दुरुस्त करतो, 'हा तुझा भाऊ'. बापाने त्याला रागावल्याबद्दल हाकललं नाही, करडाचा हिशोब ऐकून घेतला. तो शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही.

मी हे का लिहितेय, तर तुम्ही देवाला 'राग काढून टाक' म्हणताय पण कसला राग ते त्याला सांगितलंय का? शालीचं सांगितलं? साक्षीचं? आमेनचं? स्तोत्र १३ उघडा, पहिल्या दोनच ओळींत कुठवर, कुठवर असं चार वेळा विचारलंय. ती सभेतली गोड प्रार्थना नाहीये. तुम्हीपण दार लावून मोठ्याने तसं बोला, नंदुरबारच्या भाषेत बोला, त्याला कळते.

आपल्याकडची मिरची वाळत घालायची पथारी बघितलीये ना, वरून कशी शांत लाल गालिच्यासारखी, आणि कोणी जरा पाय घातला की अख्ख्या गल्लीला ठसका. तुमच्याकडे तो ठसका सासूबाईंना लागला, सुरतवाल्यांना नाही. कारण त्या बिचाऱ्या उलट बोलू शकत नाहीत. हे कडक वाटेल पण तुम्ही स्वतःच ओळखलंय म्हणून लिहितेय. त्यांची माफी आजच मागा, त्यांना सगळं कळत असतं.

भुसावळ_यार्ड
तापीकाठ ताईंनी भारी लिहिलंय. मी रेल्वेत, माझा राग उघडा होता, बायकोचा झाकलेला, त्यामुळे दोन्ही प्रकार घरात बघितलेत. इफिस ४:२६ मध्ये रागावू नका असं नाहीच लिहिलेलं, रागावा पण पाप करू नका असं आहे, सूर्य मावळेपर्यंत तो ठेवू नका. लग्नानंतर आम्ही हे अक्षरशः पाळायचो, रात्री साडेअकराला नाईट ड्युटीला जाता जाता विषय मिटवायला बसायचो आणि तो डबल व्हायचा. नंतर आमच्या पाळकांनी समजावलं की यहूदी लोकांचा दिवस सूर्य मावळल्यावर बदलतो, म्हणजे मुद्दा हा की आजचा राग उद्याच्या खात्यात टाकू नका, घड्याळ बघून भांडा असं नाही. तुमचं तर चार वर्षांचं खातं आहे, ते एका संध्याकाळी मिटणार नाही, पण आजचं आजच नवऱ्याला सांगायला सुरुवात करा. तो सुरतवाल्याचा सख्खा भाऊ आहे, त्याने फोन करायला हवा, तुम्ही का?

आणि येशू रागावला नव्हता का? मार्क ३:५, वाळलेल्या हाताचा माणूस समोर असताना, विश्रामाच्या दिवशी भलं करावं का असं त्याने विचारल्यावर सगळे गप्प बसले तेव्हा त्याने त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि दुःखीही झाला. मग त्या माणसाचा हात बरा केला. राग समोरच्यावर काढायच्या ऐवजी कामाला लावला.

केळीचा_घड
मी ख्रिश्चन नाही, रावेरकडचा शेतकरी, सहज वाचत होतो. तुमनं बरोबर शे ताई. आमच्या घरी आजीचं असंच होतं, शेवटी काकाने महिन्याला पैसे पाठवून दिवसाची एक बाई ठेवली तर आईचा अर्धा राग तिथंच गेला. कधी कधी राग म्हणजे नुसता थकवा अन् झोप बाकी असते. बीपी पण चेक करा.

साक्री_रोड
माझं चुकलं असेल ताई. घरी मंडळींनी वाचलं आणि मला म्हणाल्या, तुम्ही कधी कुणाचा डायपर बदललाय का. गप्प बसलो.

नंदुरबारची_थोरली
सगळ्यांना धन्यवाद, आणि साक्री रोडच्या काकूंना खास सलाम 😄

परवा सासूबाईंची माफी मागितली. त्यांना नीट बोलता येत नाही, चांगल्या हाताने माझी बांगडी धरून ठेवली बराच वेळ, मला स्वयंपाकाला उशीर झाला. प्रार्थना तशी करून बघितली, पहिल्या दिवशी लाजच वाटली, दुसऱ्या दिवशी इतकं बोलले की मुलगा दार वाजवायला लागला, मम्मी कोणाशी भांडतेय म्हणून. नवऱ्याला सांगितलं. तो आधी म्हणाला तुला तर काही त्रास नव्हता ना. म्हणजे मी इतकं छान लपवलं होतं की त्याची तरी काय चूक, जाऊदे, थोडी आहे.

मावशी ठेवायचं ठरवलंय, निम्मे पैसे सुरतने द्यावेत असा मेसेज नवऱ्याने लिहिला. मी वाचला तर त्यात आईची सेवा हा आशीर्वाद आहे वगैरे चार ओळी आधी, आणि पैशाचं शेवटी बारीक. अजून पाठवलेला नाही. कसा लिहावा?

भुसावळ_यार्ड
आशीर्वादाच्या चारही ओळी काढा. आकडा टाका, तारीख टाका, आणि सूर्य मावळायच्या आत पाठवा.

तापीकाठ
आणि भरीताचं काय? जावेला काट्यांचं सांगणार की नाही?

नंदुरबारची_थोरली
पैसे आल्यावर बघू.