विद्यार्थिनीला व्हिएन्नाच्या परिषदेला कसं पाठवू?

मी सोलापुरात भूशास्त्र शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई विड्या वळते. घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. अक्कलकोट तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी आत टेप सोडून तिनं स्वतः मोजली. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या खडकाच्या, भेगांत पाणी कुठं टिकतं, हे तिच्याइतकं नीट सांगणारं मी कुणी पाहिलं नाही. एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नात ईजीयूची, म्हणजे युरोपातल्या भूवैज्ञानिकांच्या संघटनेची, परिषद असते, तिथं तिनं बोलावंच. पैशाचं कसं करायचं?

उत्तर १: मॅडम, ईजीयूचीच प्रवास-मदत असते. परिषदेसाठी संशोधनाचा सारांश पाठवतानाच मदतीचा अर्ज करायचा, आणि त्याची मुदत सारांशाच्या नेहमीच्या मुदतीआधी संपते. दिवाळी झाली की तिला लिहायला बसवा. पासपोर्टचा अर्ज मात्र आत्ताच.

उत्तर २: अनुदान बहुतेकदा परतल्यावर हातात पडतं. तिकीट, व्हिसा आधी कुणी भरायचं? माझ्या वर्गातली हुशार पोरं इथंच अडली. विभागाकडून उचल लेखी मागा. तोंडी आश्वासनावर राहू नका.

मॅडम: उचलीचा अर्ज उद्याच देते. तिला इंग्रजीत बोलायची धास्ती आहे.

उत्तर १: भाषणाऐवजी पोस्टर द्या. नकाशावर बोट ठेवून विहीर दाखवत बोलली की धास्ती जाते. विभागात रोज कुणीतरी तिला प्रश्न विचारा.